ताईला दिलेला शब्द

हसू नका, पण ताईच्या दहाव्याला ग्वारीघाटावर कावळा पिंडाला शिवेना. शेवटी मी हात जोडून बोललो, "ताई, तुझ्या गुल्लूला मी कधी उपाशी ठेवणार नाही." कावळा लगेच आला.

गुल्लू म्हणजे ताईचा गिनीपिग. घरी येताच मी त्याला भात दिला, मग वडा, तेराव्याला बुंदीचा लाडू. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट ढोलकीसारखं फुगलं. खाणं बंद, लेंड्या बंद.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "क्या खिलाया? सच बोलो, नहीं तो बचेगा नहीं."

"घास ही, सर." मी सगळं गवतावर ढकललं.

आई माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाली, "लड्डू मैंने खिलाया, भैया."

जिची मुलगी जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते, तिला डॉक्टर रागावत राहिले आणि मी औषधाची चिठ्ठी तेवढी उचलली.

औषधाने सकाळी लेंड्या पडल्या. मी विचारलं, "आई, माझं नाव काहून नाही घेतलंस?"

पिंजऱ्यात गवत टाकत ती म्हणाली, "शब्द तर तू पाळलास रे. फक्त तो गवताचा द्यायचा होतास, लाडवाचा नाही."