सुभेदारांच्या पुलाखाली

सभेचे अध्यक्ष केशवरावजी, त्यांच्या शेजारी बसलेले बाजाराचे पंच, सरकी-कापसाचे व्यापारी, गाडीवान मंडळी आणि बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बसलेल्या माझ्या माताभगिनींनो, सर्वांना हात जोडून रामराम.

मी मूर्तिजापूरचा चंद्रभान. माझा मुलगा हा सुभेदार सूर्यभान यांचा जावई, म्हणून मी त्यांचा व्याही. आज त्यांना शेला-श्रीफळ देऊन निरोप द्यायचा आणि चार गोड शब्द बोलायचे, असं मला सांगितलंय. गोड बोलायला माझी ना नाही. पण या माणसानं मला इतकी वर्षं जे छळलंय ते कुठे सांगू? आताच बघा. आपण यांचं कौतुक करतोय आणि हे अध्यक्षांच्या डोक्यावरचा मांडवाचा बांबू न्याहाळताहेत!

सुभेदार सफरमैना पलटणीत होते. तोफा पुढे जायच्या आधी ज्या पलटणीनं रस्ते करायचे, पूल बांधायचे, ती पलटण. तिथून सरकारनं त्यांना आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर आणलं. अमेरिकेत म्हणे लढाई पेटली आणि इकडे आपल्या कापसाला पंख फुटले. गाड्यांची रांग संपता संपेना. अशा वेळी मी यांच्याकडे मुलासाठी मागणी घेऊन गेलो. लोक पत्रिका बघतात, जमीन बघतात. यांनी काय बघितलं? घरी आले ते पाणीसुद्धा न पिता माझ्या छपरावर चढले! तुळईवर हातोडी ठोकली आणि वरूनच म्हणाले, "पोरगी देतो, इवाई. पन हे तुळई बदला." तुळई बदलली. करतो काय?

लग्न लागलं, वरात मूर्तिजापूरला निघाली. वाटेतल्या नाल्यावर यांचा नवा पूल तयार होता. आता यांची एक रीत आहे. पूल खुला करायच्या दिवशी बायकोला, मुलांना कमानीखाली बसवायचं, स्वतः मध्ये बसायचं आणि वरून कापसानं भरलेल्या गाड्या न्यायच्या. यांच्या घरच्या पार्बताबाई तिथे चूल मांडतात, भाकरी थापतात. आपली माणसं जिथे बसणार नाहीत, त्यावरून दुसऱ्याचे बैल न्यायचे नाहीत, असं यांचं म्हणणं. ठीक आहे. तुमचं घर, तुमची हौस. पण यांनी वरात थांबवली आणि माझ्यापुढे हात जोडून म्हणतात, "आता तुमी बी घरचेच. चला खाली."

वरपक्षाला, मंडळी! नवरदेव बाशिंग बांधलेला, करवल्या नटलेल्या, आणि आम्ही सगळे नाल्याच्या चिखलात. वर चाकं गडगडताहेत, खाली पंगत! माझ्या घरच्या गोदाबाईंचा मानाचा शालू गुडघ्यापर्यंत काळा झाला. तेव्हापासून ही बाई येईल-जाईल त्याला ऐकवते, "इहिनीचा मान काय केला म्हून सांगू? मले पुलाखाले जेवू घातलं!" त्यांचा रुसवा अजून गेलेला नाही. पडद्यामागे ऐकताहेत, म्हणून इथेच थांबतो.

मग गेल्या हंगामातली गोष्ट. आमच्या गावाजवळचा मोठा पूल तयार झाला. त्या दिवशी सुभेदारांनी पार्बताबाईंना काठावरच थांबवलं. एकटेच खाली बसले. गाड्या गेल्या, बाहेर आले तर पागोट्यावर कमानीतून गळलेला चुन्याचा भुगा. तसेच रस्त्याच्या कामावरच्या गोऱ्या साहेबाकडे गेले आणि सांगितलं, पूल पाडायचा.

ऐन हंगामात! गाड्या नदीपात्रातून, आस मोडताहेत, बैल बसताहेत. माझ्याही गाड्या रुतल्या. आज पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी कोण कोण यांना काय काय म्हणालं होतं, ते मला तोंडपाठ आहे. मीही भांडायला गेलो. म्हटलं, "काहून पाडून राहिले? उभा हाय ना चांगला!"

म्हणाले, "उभा हाय, इवाई. पन मी सुभद्रीले त्याच्या खाली बसवलं नसतं."

सुभद्रा त्यांची लेक, माझी सून. मी पाय आपटत घरी आलो. मला अजूनही त्या दिवसाचा राग आहे.

साहेबाला हे मानवलं नाही. पूल पुन्हा बांध आणि मग घरी बस, असा हुकूम झाला. म्हणून वेळेआधीच नोकरी सोडून सुभेदार खानदेशात भावाकडे निघालेत. उद्या त्याच, पुन्हा बांधलेल्या पुलावरून. साहेबानं मोठ्या मनानं ठरवलंय की पूल खुला होताना पहिली गाडी सुभेदारांची, सहकुटुंब. मोठा मान! आणि हा गृहस्थ काल जेवायलाच बसेना. का? तर म्हणे, "आमी समदे वर असलो तं खाली कोन बसन?"

आता सांगा, अशा माणसाचं करावं तरी काय?

मी म्हटलं, मी बसतो. सून म्हणाली, मीही येते, बाळालाही घेते. मी नको म्हटलं, तर बापाचाच हट्टी चेहरा तिनं माझ्यापुढे धरला. शेवटी यांनाच विचारलं, "सुभद्रा बाळाला घेऊन खाली बसू म्हणते. काय करू?" यांनी एकदा पुलाकडे बघितलं. मग म्हणाले, "बसू द्या." आणि ताट वाढायला सांगितलं.

आज सकाळी गोदाबाईंनी विचारलं, "भाकरी किती जनाच्या बांधू?" मी आश्चर्यानं बघतच राहिलो. तर म्हणाल्या, "असे पाहू काय राहिले? जुना शालू बी काढला म्या."

तेव्हा आम्ही पहाटे निघतो. ज्यांनी पूर्वी यांच्या नावानं बोटं मोडली त्यांनीही यावं. कमान रुंद आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, उपकार झाले. वैतागाच्या भरात अधिकउणं बोललो असेन, तर वऱ्हाडी माणूस म्हणून पोटात घाला.

आणि सुभेदार, एक सांगून ठेवतो. उद्या आमच्यावर दया म्हणून गाडी रिकामी आणाल, तर गोदाबाई पुन्हा रुसतील. भरून आणा.