अम्माचा मधला थांबा

अपूर्व : हे बघ अम्मा, फ्रँकफर्टला उतरलीस की लगेच कॅलगरीचं विमान. मध्ये कंटाळायला वेळच नाही.

अम्मा : कंटाळायला नाही म्हणजे धापा टाकायला आहे. उतरा, पळा, परत चढा. या वयात मला धावायला लावतोस होय रे?

अपूर्व : धावायचं कशाला? तिकीट काढताना व्हीलचेअर सांगायची ना. विमानाच्या दारातून घेतात, दुसऱ्या विमानाच्या दारात सोडतात.

अम्मा : म्हणजे मला चालता येत नाही असं कळवणार?

अपूर्व : कळवावं लागतं. सगळेच कळवतात. इंग्रजी पाट्या वाचता येत नाहीत, गेट बदललं तर समजत नाही, म्हणून. आपल्या इथल्या, मारतहळ्ळीतल्या निम्म्या आया चाकाच्या खुर्चीतूनच नातवंडं बघायला जातात.

अम्मा : आणि खरा लंगडा असेल तो बिचारा भिंतीला टेकून उभा. बेडा रे, बेडा. मला नको ती खुर्ची. जयनगरातून निघेपर्यंत फोर्थ ब्लॉकच्या बाजारातून भाजीची पिशवी मी स्वतः आणत होते, रिक्षा नाही केली कधी.

अपूर्व : ते जयनगर होतं अम्मा. जन्म गेला तिथे तुझा. तिथले दगडसुद्धा ओळखीचे.

अम्मा : तेच म्हणते मी. बरं, लंडनचं काय झालं? काल लंडन म्हणत होतास.

अपूर्व : लंडन कटाप. तिथे सकाळी उतरशील ती संध्याकाळी निघशील. अख्खा दिवस एकटी बसशील? मला इथे घास उतरणार नाही.

अम्मा : परवा तू दोहा पण म्हणालास.

अपूर्व : त्यात मग आणखी एकदा बदलायला लागतं. दोनदा बदलणं तुला नाही झेपणार. मी सगळं वाचून काढलंय. लोक लिहितात ना नेटवर, आईला घेऊन कुठून गेलो, कुठे चालणं कमी, कुठे गरम पाणी मिळतं. आठवडाभर दुसरं काही केलंच नाही मी. ऑफिसातसुद्धा हेच उघडून बसतो.

अम्मा : दिसतंय मला. डोळे बघ कसे झालेत. दहावीला इतका अभ्यास केला असतास तर तुझ्या बाबांना केवढं बरं वाटलं असतं.

अपूर्व : अम्मा, चेष्टा नको. तू एकटी जाणार आहेस इतक्या लांब. रवीअण्णा तिकडे घ्यायला येईल, इथे मी सोडायला येईन. मधल्या ठिकाणी तुझं कुणी नाही. तेवढं तरी मला धड निवडू दे.

अम्मा : सरी, बरं, निवड. पण मी काय म्हणते, जायलाच हवं का? रवीला सांग ना, पुढल्या वर्षी येते म्हणून. तिकडे बर्फ पडतं. माझ्या गुडघ्यांना इथली डिसेंबरची पहाट सोसत नाही.

अपूर्व : घरात हीटर असतो. आणि अण्णा किती वर्षं बोलावतोय. मुलं विचारतात, आज्जी कधी येणार. जाऊन तर बघ.

अम्मा : जाऊन बघते खरी. पण आपल्या घराण्याचं जाऊन बघणं मोठं वाईट असतं हं. आपले मूळपुरुष पण फौजेबरोबर स्वारीला म्हणून इकडे आले होते. चार महिन्यांत परततो असं सांगून घोड्यावर बसले असतील. साडेतीनशे वर्षं झाली, अजून आपण बेंगळूरातच.

अपूर्व : बरंच झालं की मग. नाहीतर तुला बिसिबेळे भात कुठून खायला मिळाला असता?

अम्मा : हसू नकोस. त्यांच्या आईनं कुणाकडे बघून दिवस काढले असतील, असा विचार येतो कधी कधी.

अपूर्व : अम्मा, आपण विमानतळाबद्दल बोलत होतो ना?

अम्मा : तू बोलत होतास. बोल.

अपूर्व : तर मी ठरवलंय ॲमस्टरडॅम. थांबा बेताचा आहे, ना फार घाई ना फार वेळ. आणि मुख्य म्हणजे, बदलताना परत तपासणी होते ना, तिथे म्हणे बॅगेतून काही बाहेर काढायला लागत नाही. बॅग तशीच आत सरकवायची. बाकीच्या ठिकाणी एकेक वस्तू ट्रेमध्ये मांडायला लावतात. पुढच्या माणसाचे बूट, त्याचा पट्टा, आणि शेजारी आपले देव. तुला ते चाललं नसतं.

अम्मा : कोण शेजारी?

अपूर्व : देव. देवघरातले. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, तो टाक. पितळ आहे, मशीनमध्ये दिसतं ते. म्हणून मी त्यातल्या त्यात...

अम्मा : देव कशाला येतायत माझ्याबरोबर?

अपूर्व : म्हणजे, तुला तिकडे पूजेला लागतील ना.

अम्मा : अपूर्व, इकडे बघ. त्या लॅपटॉपच्या पेटीकडे नको, माझ्याकडे बघ. चार-सहा महिने लेकाकडे जाणारी बाई देव उचलून नेते का? सुपारी मांडून पूजा करते ती. काशीला गेले तेव्हा देव शेजारच्या जमनाबाईंकडे पाण्यात ठेवून गेले होते मी. देव कधी हलवतात, माहीत आहे ना तुला? जयनगरचं घर सोडलं तेव्हा हलवले. बिऱ्हाड उठतं तेव्हा हलवतात.

अपूर्व : मला वाटलं, तुला करमणार नाही त्यांच्याशिवाय.

अम्मा : येताना कुठे उतरायचं?

अपूर्व : कधी?

अम्मा : येताना रे. परत येताना. जातानाचं एवढं पारखून घेतलंस, गरम पाणी कुठे मिळतं ते पण बघितलंस. येताना पण ॲमस्टरडॅमच का?

अपूर्व : येतानाचं अण्णा बघेल. तिकडून स्वस्त पडतं.

अम्मा : तिकीट एकाच बाजूचं आहे?

अपूर्व : अजून काढलेलं नाही अम्मा. शपथ. फक्त बघतोय.

अम्मा : एकाच बाजूचं बघतोयस?

अपूर्व : हो.

(कुलपात किल्ली फिरते. भार्गवी ऑफिसातून आत येते.)

भार्गवी : हुश्श, काय ट्रॅफिक आहे रिंग रोडला! अपूर्व, तू आज लवकर? झालं का फायनल? आई, तुम्ही ते ॲमस्टरडॅमचंच घ्या हं, रिव्ह्यूज खूप छान आहेत. काय झालं? असे का बसलात दोघं?

अपूर्व : अम्माला कळलं.

भार्गवी : काय कळलं? ओह.

अम्मा : बस गं. पाणी पी आधी.

भार्गवी : नको मला पाणी. अपूर्व, मी तुला म्हटलं होतं की नाही? सरळ सांगूया म्हणून. तू म्हणालास, हळूहळू सांगतो. आता मी पुण्याची, मी सून, म्हणजे मीच घालवली असं होणार.

अपूर्व : तसं कुणी म्हटलेलं नाही.

भार्गवी : म्हणणार कोण, मलाच वाटतंय ते! आई, तुम्ही आम्हाला जड झालात असं नाहीये. पण मला भीती वाटते. त्या दिवशी तुम्ही कोथिंबीर आणायला खाली गेलात आणि टॉवर चुकलात...

अम्मा : सगळे टॉवर सारखेच दिसतात गं. रंगसुद्धा एकच. कुणीही चुकेल.

भार्गवी : चुकेल, मान्य. पण तुम्ही संध्याकाळपर्यंत त्या वॉचमनच्या खुर्चीवर बसून होतात, उपाशी. तो वॉचमन, देवाप्पा, मला सारखा फोन करत होता आणि मी मीटिंगमध्ये फोन पालथा घालून ठेवला होता. मी खाली आले तेव्हा तुम्ही मला म्हणालात, ‘तू दमलीस ना, वर जाऊन मी पटकन भात टाकते.’ तो शब्द मला अजून झोपू देत नाही. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

अम्मा : अय्यो, शिव्या कशाला देऊ? दमलेली दिसलीस म्हणून म्हटलं.

अपूर्व : अम्मा, खरं सांगायचं तर आम्ही बाई ठेवायचं पण बघितलं. तूच पहिलीला परत पाठवलंस, दुसरी स्वतःच गेली. आम्ही दोघं सकाळी जातो ते रात्री येतो. तिकडे वहिनी घरून काम करते, घरात कुणीतरी असतं. अण्णा म्हणाला, इतकी वर्षं तू केलंस, आता माझी पाळी. मी हो म्हटलं. आणि खरं सांगू? हो म्हटल्यावर मला हलकं वाटलं. त्या रात्री गाढ झोप लागली. सकाळी उठलो आणि तू माझा डबा भरत होतीस. तेव्हापासून मी हे विमानतळ बघत बसलोय. वाटलं, निदान वाटेत तरी तुला कुठे त्रास व्हायला नको.

भार्गवी : सांगायचंच आहे तर ते पण सांग ना. का मी सांगू?

अपूर्व : नको भार्गवी.

भार्गवी : मला नाही पोटात ठेवता येत. आई, त्या दिवसापासून मी निघताना बाहेरून कुलूप लावते. तुम्हाला कळू नये म्हणून दार ओढून घेते आणि मग हळूच लावते.

अम्मा : आवाज येतो गं.

भार्गवी : तुम्हाला माहीत होतं?

अम्मा : पहिल्या दिवसापासून. तू हळू लावतेस, पण कुलूप आपल्या जातीवर जातं. मग मी दिवसभर दाराकडे फिरकतच नाही. उगाच हात लावून बघायला नको. नाही बघितलं की उघडंच आहे असं वाटतं.

अपूर्व : अम्मा, मला एका शब्दानं बोलली नाहीस!

अम्मा : काय बोलणार? तू मग त्या पोरीला बोलला असतास. ती सकाळी निघताना रोज माझ्या पाया पडायला लागली होती, आधी कधी पडत नव्हती. तेव्हाच मी समजले, हिच्या मनाला लागलंय. आता रडू नकोस भार्गवी. आसवं सांडशील त्या पेटीवर, आणि तुझ्या नवऱ्याचा आठवड्याचा अभ्यास वाया जाईल.

अपूर्व : थांब, मी आत्ताच्या आत्ता परतीचं शोधतो. एप्रिलमधलं. नाहीतर जाऊच नकोस. अण्णाला मी कळवतो, नाही जमत म्हणून.

अम्मा : ठेव ते. आत्ता लाज वाटतेय म्हणून काढशील, आणि मी आले की आठ दिवसांत परत तेच कुलूप. लाजेपोटी काढलेल्या तिकिटावर मला नाही यायचं. मी जाते. मी नसताना राहून बघा स्वल्प. घर कसं वाटतं ते बघा. बरं वाटलं तर बरं, त्यात पाप नाही. आणि नाहीच राहवलं तर मग काढ. तेव्हा मी येईन, खुर्चीत बसून का होईना.

भार्गवी : आणि आम्हाला नुसतंच रिलॅक्स वाटलं तर? आई, मी खोटं नाही बोलत, मला माझीच खात्री नाहीये.

अम्मा : मला तरी कुठे आहे? माझ्या सासूबाई माहेरी गेल्या की मी दुपारी पाय पसरून झोपायची. देव मात्र इथेच राहू देत. रोज सकाळी दोघांपैकी एकानं पाणी घालायचं, एक फूल वाहायचं.

भार्गवी : मला सोवळं-बिवळं जमणार नाही हं.

अम्मा : आंघोळ करतेस ना? साकु, पुरे तेवढं. त्यांना पण सवय झाली असेल आता तुमची.

अपूर्व : अम्मा, मग ॲमस्टरडॅमच राहू दे ना? की फ्रँकफर्ट? तू सांगशील ते. खरंच, तूच सांग आता.

अम्मा : लंडनचं घे.

अपूर्व : लंडन? तिथे दिवसभर बसायला लागेल म्हटलं ना. एकटीनं. कुणी विचारायला नाही, कुणी बघायला नाही. काय करशील तू एवढा वेळ?

अम्मा : डबा खाईन. माणसं बघेन, येणारी-जाणारी. तेवढा एक दिवस तरी मी कुणाच्या वाटणीला नसेन.