डोळे मिटा आणि ग्रीस बघा

नाही, तुम्हीच सांगा मला, ज्या माणसाचा उभा जन्म पडकी घरं विकत घेण्यात गेला, त्याला कोणी सुट्टीत पडकी घरं बघायला नेतं का हो? हा म्हणजे हलवायाला बक्षीस म्हणून पेढा देण्यातला प्रकार! तुम्हाला सांगतो, आख्ख्या जळगावात कुठंही जुनी इमारत पाडायची ठरली की पहिला फोन नवलशेठला, म्हणजे मला. दारं, चौकटी, सागाच्या तुळया, फरशा, सगळं अलगद उतरवायचं, मेहरूणच्या आपल्या वखारीत रचायचं आणि गिऱ्हाईक आलं की चहा पाजून गळ्यात मारायचं. शाळा आपली सातवीतच सुटली, पण तुळईवर बोटानं टकटक केलं की आतून पोखरलेली आहे की शाबूत, ते डोळे मिटून सांगतो. आणि असल्या माणसाला बसमध्ये कोंबून ग्रीसभर हिंडवलं! का? तर व्याह्यांना इतिहासाची आवड! आणि बोलणार कसं? मी मुलीचा बाप!

तसे अजून व्याही झाले नव्हते ते. होऊ घातले होते. तिथंच तर सगळी गोम आहे. आमची डिंपल आणि धुळ्याचा तेजस, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मुलगा सोन्यासारखा. घर देवपूरला. वडील इतिहासाचे प्राध्यापक, निवृत्त झालेले, सगळे त्यांना एस. एन. सर म्हणतात. बोलणं इतकं शुद्ध की त्यांच्यासमोर शिंकलो तरी आपलं काही चुकलं का असं वाटावं. आई मोहिनीताई, त्या नाशिकच्या, त्याही शुद्ध. आता पोरं राजी म्हटल्यावर नारळ फोडायचा की नाही? तर सर म्हणाले, "नवलशेठ, घाई नको. प्रवासात माणूस कळतो. आम्ही ग्रीसला निघालो आहोत, आपण उभयतांनी यावं. परतल्यावर निर्णय घेऊ." म्हणजे बघा! आजवर लोक कांदेपोहे खाऊन मुलगी बघायचे. इथं मुलगी पसंत होती, बाप बघायचा होता!

निघताना डिंपलनं माझे दोन्ही हात धरले. "पप्पा, तुम्हाला माझी शपथ. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. सर जे म्हणतील त्याला फक्त 'वा' म्हणायचं." तिचंही खरंच आहे म्हणा. आधीचं अमळनेरचं स्थळ माझ्यामुळे गेलं असं घरात सगळ्यांचं ठाम मत आहे. मी काय केलं होतं? मुलाचं घर बघायला गेलो, माडीखालच्या तुळईवर टकटक केलं आणि म्हणालो, "माल फर्स्टक्लास आहे. पाडायला काढलंत की आधी मला सांगा." आता यात वाईट काय बोललो? कौतुकच केलं की! पण पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं हो तेव्हा, आणि या वेळी तर तिचा जीवच अडकलेला. तेव्हा ठरवलं. गिळायचं. मी मुलीचा बाप!

आणि बसलो बसमध्ये. बस कसली, चाकांवरची कोठडी! आपल्या एसटीत निदान कंडक्टरशी भांडता येतं, साक्रीला जाताना मध्ये घंटी मारून उतरता येतं. इथं काचा बंद, पट्टा बांधलेला, आणि मोहिनीताईंनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "बायका बायका एकत्र बसू, पुरुषांना बोलू द्या." झालं! खिडकी अर्थातच व्याह्यांना, तो मान. मला आतली सीट. एका बाजूला सर, पुढे माइकवर गाईडबाई, आणि आरशात डोळे वटारून बघणारा ड्रायव्हर, कारण बसमध्ये खायचं नाही! अहो, दिपमालानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, घरचे केळीचे वेफर्स आणलेले, शेव आणलेली, ठेचा आणलेला. नुसता पिशवीचा आवाज झाला तरी तो ड्रायव्हर आपल्या भाषेत असा काही गुरगुरायचा, की मी वेफर तोंडात धरून चघळून चघळून विरघळवायचो. वेफर! प्रसादाच्या बत्ताशासारखा!

बरं, बघायचं काय? अथेन्सला टेकडी चढून गेलो. गुडघ्यांनी कधीच हात टेकले होते. वर गेल्यावर खांब. छत नाही, तुळई नाही, दार नाही, नुसते खांब! म्हटलं, आमच्या आधीच कोणीतरी येऊन चांगला चांगला माल उचलून नेला! सर मात्र हात पसरून उभे. "नवलशेठ, डोळे मिटा, आणि कल्पना करा! इथे देवीची भव्य मूर्ती होती."

मी म्हटलं, "वा!"

कोरिंथला गेलो. चौथरा. "डोळे मिटा, आणि कल्पना करा! इथे बाजारपेठ होती."

"वा!"

मायसीनीला गेलो. दगडी कमान, वर दोन सिंह, सिंहांना डोकी नाहीत. "डोळे मिटा, आणि कल्पना करा! या दारातून राजा बाहेर पडत असे."

दार कुठं होतं तिथं? नुसती चौकट होती! फळ्या नाहीत, बिजागरी नाही. पार जिभेवर आलं होतं, पण डिंपलचा चेहरा दिसला आणि म्हटलं, "वा!" अहो, डोळे मिटूनच बघायचं होतं तर मेहरूण तलावाच्या काठावर बसून मिटले असते की! विमानात गुडघे छातीशी घेऊन कशाला आलो असतो? पण बोलणार कसं? मी मुलीचा बाप!

पुन्हा बसमध्ये आलो की सर तेच सगळं मुळापासून समजावून सांगायचे. "तत्कालीन सामाजिक संरचनेच्या परिप्रेक्ष्यात..." तुम्हाला सांगतो, हे एक वाक्य सुरू झालं की माझ्या डोळ्यांवर अशी गोड झापड यायची! शेवटी एक युक्ती साधली. डोळे उघडे ठेवायचे, मान हलती ठेवायची, सरांचा श्वास थांबला की 'वा' म्हणायचं आणि मध्ये झोपून घ्यायचं. वखारीत कंटाळवाणं गिऱ्हाईक आलं की मी हेच करतो. सर खूश. मोहिनीताई दिपमालाला म्हणाल्यासुद्धा, "तुमचे मिस्टर किती छान ऐकून घेतात हो!"

आणि याच झोपेनं घात केला.

एपिडॉरस म्हणून गाव आहे. तिथं डोंगराच्या उतारावर दगडी पायऱ्यांचं हे एवढं मोठं नाटकाचं थिएटर, खाली मधोमध गोल अंगण. गाईडबाई वाटेत बसमध्ये त्याची काहीतरी खासियत सांगत होती. सर्वांनी 'आहा' केलं, मीही झोपेत 'वा' केलं. उतरल्यावर सगळी बस वर चढून गेली, पार शेवटच्या पायऱ्यांवर. सर आणि मोहिनीताईसुद्धा. मी म्हटलं, माझे गुडघे नाही म्हणतात. मी खालीच थांबलो, दिपमाला माझ्याजवळ थांबली. अंगणात मधोमध एक गोल दगड होता, त्यावर उभा राहिलो. वर बघतो तो माणसं मुंग्यांएवढी. किती दिवसांनी एकटे सापडलो होतो! दिपमालाला दया आली. म्हणाली, "अहो, चेहरा किती उतरलाय. बोला काय ते. इथं कोण ऐकतंय?"

बस्स! धरणाचं दार उघडल्यासारखं झालं. आणि माणूस मनापासून बोलायला लागला की कुठली भाषा येते? आईची! आम्ही मूळचे पारोळ्याकडचे, घरात अहिराणी. मी सुरू झालो, "दगड, दगड, बठ्ठा दगडच शेतस! आनि हाऊ मास्तर! दगड मुका शे, पन मास्तर काही गप बसस नही! आठे काहीच नही, तरी म्हनस, डोया मिटा! अरे, डोया मिटाले इतलं लांब कसाले उनूत? पोरीना बाप शे म्हनीसन गप बसनू, नहीते पहिलाच दिन बसमाइन उडी मारी देतू!"

आणि वरून टाळ्या!

मी दचकलो. टाळ्या? वरची माणसं उभी राहून टाळ्या वाजवताहेत! आमच्या बसमधले सुरतेचे एक काका ओरडले, "बहोत बढिया, शेठ! और एक श्लोक!" तेव्हा माझ्या टाळूवर कोणी बर्फ ठेवल्यासारखं झालं. दिपमालानं तोंडावर हात घेतला आणि पुटपुटली, "अहो... ती बाई बसमध्ये हेच सांगत होती का? खाली टाचणी पडली तरी वर ऐकू येतं असं काहीतरी..." मग आता सांगतेस होय! मी डोळे उघडे ठेवून झोपलो होतो, तू तरी जागी होतीस ना?

सुरतेच्या लोकांना वाटलं मी मंत्र म्हटला, पुण्याच्या लोकांना वाटलं लोकनाट्य. अक्षर कोणाला कळलं नव्हतं. पण सर? सर टाळ्या वाजवत नव्हते. सर उठले. आणि एकेक पायरी उतरायला लागले.

तुम्हाला सांगतो, मी मोठमोठ्या भिंती कोसळताना जवळून बघितल्या आहेत, कधी पाय हलला नाही. त्या दिवशी दोन पावलं मागे सरलो. डोळ्यांसमोर डिंपल. आधी अमळनेर, आता धुळं. पोरगी जन्मभर तोंड बघणार नाही माझं. म्हटलं, पाय धरू. नाहीतर सांगू, उन्हानं डोकं फिरलं. सर आले, समोर उभे राहिले, चष्मा काढला, पुसला. मी हात जोडले. "सर, पोरीचं काही चुकलं नाही. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण तिला..."

आणि सर म्हणाले, "काबर थांबनात भाऊ? बोला ना!"

सर! अहिराणी!

"मी साक्रीकडला शे," सर म्हणाले. "मनी माय गई, तैपाशीन माले आशी बोली कोणी बोलनंच नही. एस. एन. म्हंजे काय, माहीत शे का? सुपडू नथू! घरमा कोणी म्हनस नही." आणि वर मोहिनीताईंकडे चोरून बघत हळूच म्हणाले... हळू कसलं! ते बोलणंही त्या पायऱ्यांनी जसंच्या तसं वर पोचवलं! "हिले आवडस नही."

वरून मोहिनीताईंचा आवाज, "काय आवडत नाही?"

पण सर आता ऐकतात कुठं? माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "माले मास्तर म्हना, काही बी म्हना, पन आशेच बोला. सोयरीक पक्की!" आणि मला अशी कडकडून मिठी मारली की वर पुन्हा टाळ्या. डिंपलला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पोरगी हसत होती, रडत होती, "पप्पा, तुम्ही नक्की काय बोललात?" विचारत होती. मी म्हटलं, "काही नाही गं, फक्त 'वा' म्हणालो."

सुटलो, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. पोरीचं भलं झालं, आता काही गिळायचं नाही, आता मोकळं बोलायचं. बसमध्ये चढलो. सर खिडकीशी, मी आत, पट्टा बांधलेला. ऑलिंपिया बाकी होतं, डेल्फी बाकी होतं. सरांनी माझ्या मांडीवर थाप मारली, "हां तर भाऊ, आते दखा..." आणि सुरू झाले. सगळं पहिल्यापासून! अथेन्सपासून! अहिराणीत! गेल्या कित्येक वर्षांचं तुंबलेलं सगळं त्यांनी त्या बसमध्ये मोकळं केलं, आणि मुलाच्या लग्नानंतर दरवर्षी दोघांनी मिळून अशी एक यात्रा करायची हेही ठरवून टाकलं. पुढच्या खेपेला रोम म्हणे. तिथंही बरंच काही पडलेलं आहे.

तोंड उघडायची परवानगी आहे, पण मध्ये घुसायला फट मिळेल तर ना! आणि खरं दुःख वेगळंच आहे हो. आधी ते शुद्ध बोलायचे, तेव्हा त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं, म्हणून झोप तरी लागायची. आता ते मध्येच थांबतात, माझ्याकडे प्रेमानं बघतात आणि विचारतात, "समजनं ना भाऊ?"

आणि समजलेलं असतं हो! सगळं समजलेलं असतं!