वाटणाचा फोन

चंदीगडजवळचं, खरड गावाच्या पुढचं ते तळं मला माहीत आहे, यार. एकदाच गेलेय, बाबांना घेऊन. पुन्हा नाही जाणार.

आई गेल्यावर बाबांना मालवणहून इथे चंदीगडला आणलं. दिवसभर खिडकीशी बसून असायचे. म्हणून एका रविवारी गळ हातात देऊन तळ्यावर नेलं. गावाकडे त्यांची पद्धत ठरलेली. मासा गळाला लागला की खडकावरूनच आईला फोन, "वाटण करून ठेव." तो फोन आल्याशिवाय आई खोबऱ्याला हात लावायची नाही.

इथे दोन तास काहीच नाही. मग एक रोहू लागला, चांगला मोठा. बाबांनी तो बाहेर काढला आणि सवयीने फोन लावला. वाजला माझ्या पर्समध्ये. आईचा नंबर बंद करवेना, म्हणून तो मीच वापरते.

बाबा शेजारीच बसलेले, तरी मी फोन उचलला.

"वाटण करून ठेव गे."

"करते," मी म्हटलं.

बाबांनी फोन कानाला तसाच ठेवला. दुसऱ्या हाताने मासा पाण्यात सोडला.

"ती आधी विचारायची," ते म्हणाले, "केवढो आसा?"