घरचा सुरा

तात्या : ...आणि मग कोर्टात साहेब विचारणार, वायरमनला चाकू हवा कशाला, पक्कड आहे की! मग मी म्हणणार, ही घ्या साहेब पक्कड, ही घ्या वायर, तुम्हीच काढा वरचं साल.

शांता : द्या इकडे. मी काढून बघते.

तात्या : ओढ. अजून ओढ. जोर नाही गो हातात?

शांता : जोर आहे. पण साल निघत नाही, नुसतं चिरडतंय. आतली तांबडी वायरही दबली बघा.

तात्या : दबली ना? आज दबली, चार महिन्यांनी ठिणगी, मग माणसं म्हणणार पिंपळावरचा मुंजा आला. मुंजा कसला, पक्कड आली ती!

(परळ, भोईवाड्याजवळची चाळ, छप्पन्नचा जानेवारी. मोर्चांवर पोलिसांचा गोळीबार झालाय, शहरात कर्फ्यू; तो दुपारपुरता उठलाय. शांताच्या खोलीत जमिनीवर काळ्या चपट्या वायरीचे तुकडे पडलेत. तिचा नवरा जगदीश वायरमन. सुरा जवळ बाळगला म्हणून पोलिसांनी धरलाय, उद्या कोर्टात उभा करणार. तात्या हा त्याचा म्हातारा उस्ताद, उद्या त्याच्या बाजूनं साक्ष देणार.)

शांता : ब्लेडनं?

तात्या : ब्लेड आत किती गेलं ते हाताला कळत नाही. वरचं साल कापायचं, आतल्या रबराला ओरखडा नाही पडला पाहिजे. दूध न सांडता साय काढायची, तसं काम ते.

शांता : हे कधी कधी दातानं सोलायचे.

तात्या : दाताचं नाव काढू नकोस! गामदेवीला एका सॉलिसिटरच्या बंगल्यात मी शिडीवर, वायर दातात, आणि खाली कुणा मेल्यानं मेन चालू केला. पण मी सोडतो काय? करंट सगळा गिळला. घरी आलो, तोंड उघडलं की खोलीत लख्ख उजेड. तुझी काकी म्हणाली, तोंड मिटा, पोरं झोपायची आहेत.

शांता : तात्या.

तात्या : थोरल्यानं त्या उजेडात पाढे पाठ केले गो!

शांता : तात्या, हे उद्या कोर्टात सांगणार आहात?

तात्या : विचारलं तर.

शांता : नाही विचारणार. वकीलसाहेबांनी बजावलंय, म्हाताऱ्यानं वायरीचं साल कसं काढतात तेवढंच बोलायचं. त्याच्या पुढे एक शब्द नाही.

तात्या : बरं. म्हणजे पक्कड बाद, ब्लेड बाद, कात्री तर वायरच कापते, ती बाद. दात बाद. राहता राहिली तुझी विळी.

शांता : आणू?

तात्या : मस्करी केली गो.

शांता : आणते. धरा ते टोक. पडवळ उभं चिरतो तसं चिरायचं ना?

तात्या : हळू. हळू... अगो बाय माझ्ये! निघालं की! तांबडी धड, काळी धड. आणि इतकी वर्षं मी शिडीवर चढून झक मारली!

शांता : पण विळी घेऊन शिडीवर कसं चढायचं?

तात्या : हां! हेच साहेबांना सांगायचं. विळीवर बसावं लागतं, आणि शिडीवर बसायला पाट नसतो. म्हणून चाकू. तोही साधा नाही, बाकदार, टोक आत वळलेलं. टोकानं साल उचलायचं आणि पाठ आतल्या वायरीकडे ठेवून सरकवायचं. तसला चाकू मी जगदीशला दिला, त्याचा पहिला दसरा होता तेव्हा. हळदकुंकू लावून दिला. आणि ह्यांना तो हत्यार वाटतो! माझा स्वतःचा तर गंजून गेला. आता कोर्टात दाखवायला दुसरा कुठून आणू? हातात वस्तू नको?

शांता : तात्या...

तात्या : लोहार चाळीतली विजेच्या सामानाची दुकानं बंद. कुणाकडे मागावा तर चाकू म्हटल्यावर दार लावतील.

शांता : हा घ्या.

तात्या : हां, अस्साच! कुठून मिळवलास? मुठीवर दोरासुद्धा... शांता, हा दोरा मी गुंडाळलाय.

शांता : हो.

तात्या : पोलिसांनी परत दिला?

शांता : त्यांनी नेलाच नव्हता. पिशवीत होता. पिशवी त्या खुंटीला.

तात्या : पिशवी न घेता गेला?

शांता : "जरा वायर बघून येतो," म्हणाले. मी पिशवीकडे बघितलं. त्यांनी, मी बघितलं ते बघितलं. आणि गेले.

तात्या : मग पोलिसांकडे आहे ते काय?

शांता : सुरा. सरळ पात्याचा. एवढा. काल चौकीत टेबलावर ठेवला होता. मला विचारलं, बाई, हा तुमच्या घरचा का?

तात्या : आणि तू?

शांता : हो म्हटलं.

तात्या : हो म्हटलंस!

शांता : मग काय म्हणायचं होतं? आमचा नाही म्हटलं की विचारणार, मग कुठून आणला? मला वाटलं, घरचा म्हटलं तर भाजी चिरायचा समजतील.

तात्या : भाजी चिरायचा! अगो चेडवा, ह्या अख्ख्या चाळीत सुरीनं भाजी चिरणारी एक बाई दाखव. उभ्यानं सुरीनं चिरतात ती बंगल्यातली माणसं. पोलीस इथं येतील, काय दिसेल त्यांना? विळी. शेजारच्या सुंदराबाईला विचारतील, ती बिचारी देवाशप्पथ सांगेल, शांता मिरचीसुद्धा विळीवर चिरते.

शांता : कळलं मला. काल चौकीवरून आले, कांदा घेतला आणि विळीवर बसले. तेव्हा कळलं. कांदा तसाच राहिला.

तात्या : कुणाला मारायला निघाला होता गो?

शांता : ठाऊक नाही. त्यांना तरी ठाऊक असेल का? लवूभावजींना, पाठच्या भावाला, स्मशानात पोचवून आल्यापासून बोललेच नाहीत. गोळी कुणाची लागली ते कुणी बघितलंय? समोर सगळे पोलीस एकसारखे उभे होते.

तात्या : लवू मोर्चात तरी होता काय!

शांता : दूध आणायला गेले होते. ह्यांनीच पाठवलं होतं. "मी पाठवला," एवढं एकदा म्हणाले, स्टोव्हकडे बघून. बस्स.

तात्या : कुणाला लागलं नाही ना? सुऱ्याला काही...

शांता : नाही. नाक्यावरच झडती झाली. सुरा कागदातून बाहेरही निघाला नव्हता.

तात्या : कागदात होता. म्हणजे नवा. विकत आणला.

शांता : तात्या, काहीतरी सांगा ना. एरवी तुम्हाला काय, बोट फिरवलं की गोष्ट.

तात्या : आज बोट फिरत नाही गो.

शांता : तुम्हाला सुचलं नाही तर दुसऱ्या कुणाला सुचणार? भावजी गेले. आता हेही गेले तर ह्या खोलीत मी कुणासाठी कांदा चिरू?

तात्या : थांब. रडू नकोस, थांब. त्या सुऱ्याची पाठ कशी होती? पातळ की जाड?

शांता : जाड. वरून ठोकलं तरी वाकणार नाही अशी.

तात्या : मग ऐक. आताच्या वायरीला वर रबर असतं. जुन्या घरांत रबर नाही, शिसं असायचं. गिरगावात अजून आहे. शिशाला हा बाकदार चाकू चालत नाही, टोक मोडतं. तिथं सरळ पातं लागतं. वायरीवर ठेवायचं आणि पाठीवर हातोडी मारायची, अलगद. तसलं पातं माझ्याकडे होतं. मी ते जगदीशकडे दिलं, धार लावून आण म्हणून. तुझ्या फळीवर पडून होतं, म्हणून तू घरचं म्हणालीस.

शांता : हे खरंय?

तात्या : शिशाचं खरं. हातोडीचं खरं. सुरा तेवढा माझा नाही.

शांता : तुम्हालाच आत टाकतील.

तात्या : टाकू देत. तिथलं वायरिंग कुणी केलंय ते बघायचंच आहे मला.

शांता : आणि तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार? तुम्ही पाऊस पडतोय म्हणालात तर शेंबडं पोरसुद्धा आधी हात बाहेर काढून बघतं.

तात्या : ते खरं. आजवर गमतीच्या थापा मारल्या. कामाची थाप कधी मारली नाही. जमते की नाही, देव जाणे.

शांता : सांगा बघू. मी साहेब.

तात्या : साहेब, गिरगावात एक बाई होती, तिच्या घरातल्या शिशाच्या वायरीतून एकदा नाग...

शांता : नाग नको. पुन्हा.

तात्या : साहेब, शिशाची वायर म्हणजे साधीसुधी नव्हे, गोऱ्या साहेबानं मला स्वतः...

शांता : गोरा साहेब नको. लहान करा, तात्या. माझ्यासाठी लहान करा.

तात्या : सुरा माझा. शिशाच्या वायरीचा. धार लावायला दिला होता.

शांता : मग तो घेऊन हा माणूस नाक्यावर कशाला गेला होता?

तात्या : मला परत द्यायला येत होता.

शांता : हे ह्यांनाही विचारतील.

तात्या : तीच भीती आहे. माझ्या हाताखाली सगळं शिकला, थाप मारायला तेवढं शिकला नाही. सुरा कुणाचा म्हटलं की माझा म्हणून मान खाली घालेल.

शांता : सकाळी डबा द्यायला सोडणार आहेत मला.

तात्या : मग सांग त्याला. नीट पढव.

शांता : खोटं बोला, असं माझ्या तोंडून नाही निघायचं. एवढंच म्हणेन, तात्या आपला सुरा न्यायला येतायत. समजले तर समजले.

तात्या : आणि नाही समजला तर?

शांता : तर एकाच सुऱ्याला दोघंजण माझा म्हणतील.

तात्या : मग ज्याचं बोलणं खरं वाटेल त्याचा सुरा. चल, विचार पुन्हा. कर्फ्यू लागायच्या आत मला खोली गाठायचीय.

शांता : सुरा कुणाचा?

तात्या : माझा.

शांता : हसू नका, तात्या.

तात्या : हसत नाही गो. माझं तोंडच तसं आहे.