तोडलेल्या अंजिरापासून दोनशे मीटर

नाव: योर्लेनी केसादा मोरा. वय: ३४. व्यवसाय: संगणक प्रोग्रामर. राहणार: एरेदिया शहर, साबणाचा कारखाना होता तिथून शंभर मीटर दक्षिणेला, निळे फाटक.

चौकीत समक्ष हजर राहून जबाब देते की, आमच्या सुईण मंडळासाठी मी जावामध्ये एक प्रोग्राम लिहिला असून तो क्लाउडवर चालतो. आमच्या घरांना नंबर नाहीत. लोक बोलतात तसाच पत्ता लिहून पाठवतात. प्रोग्राम ते वाक्य फोडून खूण, अंतर व दिशा वेगळी करतो आणि डेटाबेसमधून जागा शोधून देतो. एकाच नावाच्या दोन खुणा निघाल्या, तर जी आता उरलेली नाही तीच धरायची, असा नियम मी घातला आहे. त्यावरून पुष्कळांनी मला वेड्यात काढले आहे.

रविवारी सकाळी ओल्देमार नावाच्या भाडेकरूचा निरोप आला: "अंजिरापासून दोनशे मीटर पूर्वेला. बायकोला कळा सुटल्यात, लवकर या." त्याने बोलावलेली रुग्णवाहिका त्याच पत्त्यावरून चौकातल्या नव्या अंजिराकडे गेली. प्रोग्रामने मला व सुईण दोन्या (बाई) हानिया यांना, माझ्या जन्माआधी तोडलेल्या अंजिराकडे धाडले.

दोन्या हानिया गाडीत म्हणाल्या, "पोरी, तिकडे झाड कुठंय? तुझं यंत्र चळलंय."

मी म्हटले, "झाड नाही म्हणूनच तिकडे, आजी." तोंडाने म्हटले खरे, पण वाटभर मी मनातल्या मनात तो नियम पुन्हा तपासत होते. नियम चुकला असता तर दोन जिवांशी खेळ झाला असता.

फाटकाला कुलूप होते. ओल्देमार रुग्णवाहिका बघायला कोपऱ्यावर पळाला होता आणि सवयीने कुलूप लावून किल्ली खिशात घालून गेला होता. आतून त्याची बायको ओरडली, "कुलूप काय बघत बसलाय? तोडा की!" मी गाडीतल्या पान्याने घाव घातले. कुलूप तुटले, त्यासोबत फाटकही निखळले. ते मीच मोडले, हे कबूल आहे.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मी भर रस्त्यात आधी रडले, मग नाचले. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

घरमालक डॉन (श्रीयुत) विल्बेर्त यांनी फाटकाची तक्रार दिली होती. बाळाला पाहून आल्यावर त्यांनी ती मागे घेतली (त्या नोंदीसाठीच हा जबाब) व चौकीतल्या सगळ्यांना गुळाचे गरम पाणी पाजले. मी भरपाईचे नाव काढताच मात्र भडकले. "पैसे ठेव तुझ्यापाशी. ते फाटक तुझ्या यंत्रात घाल."

"अहो, ते तर मोडलं!"

"म्हणूनच म्हणतोय! आता पन्नास वर्षं लोक तिथूनच पत्ता सांगणार."

त्यानुसार 'मोडलेले फाटक' ही खूण मी नोंदवली. काल त्या जागी नवे फाटक बसले. आज सकाळी मंडळाकडे एका बाईचा निरोप आला: "मोडलेल्या फाटकापासून पन्नास मीटर उत्तरेला. पुढच्या महिन्यात माझे दिवस भरतायत. तुम्ही याल ना?"

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते.