नकाराची चारोळी

कवी वान देराहमान ऐंशी वर्षांचे झाले, म्हणून कोता बारूच्या वाचनालयात त्यांना भेटायला रांग लागली होती. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"अगं झलेहा, लोक सहीसाठी पुस्तकं घेऊन आलेत. तू डोडोल मिठाईचा डबा काय आणलास?"

"असू दे. तुमच्यासाठी तुमच्या मामांनी मला मागणी घालताना म्हटली, ती चारोळी आठवते?"

"न आठवायला काय झालं! याच गुरुजींनी लिहून दिली होती."

"आणि माझ्या बाबांनी उत्तराला म्हटली ती?"

"ती कोणाची?"

"त्यांचीच. आदल्या दिवशी बाबा त्यांच्याकडे नकाराची चारोळी मागायला गेले होते. सायकलरिक्षावाला जावई नको म्हणून."

"काय सांगतेस!"

"गुरुजी म्हणाले, मला नकाराचं यमक जुळवता येत नाही. होकार हवा असेल तर बसा, कॉफी घ्या."

"मग?"

"मग काय! वडीलधाऱ्यांपुढे चारोळीशिवाय नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर बाबांचं नाक कापलं गेलं असतं. आले होकार पाठ करून."

"म्हणून दर ईदला पहिला डबा त्यांच्याकडे जातो होय! मला वाटायचं, तुला त्यांच्या कविता आवडतात."

"मला मेलीला कुठे कविता कळतात!"